मदत हवी आहे: फारसी कागदावरील ‘हश्मत जंग’ हे निजामाचे कोणते सरदार?

जालनेकर: आमच्या घरच्या दप्तरात एक फारसी कागद आहे आणि त्यावरील शिक्क्यातले ‘हश्मत जंग’ एवढे नाव शेजारच्या उर्दूच्या शिक्षकांनी वाचून दिले. घराण्याच्या इतिहासाची पुस्तिका पुढच्या आठवड्यात छापायला जाणार असल्यामुळे हे निजामाचे कोणते सरदार, ते कृपया लवकर सांगावे.

दप्तरी: कागद कोणत्या सालचा, मजकूर किती ओळींचा, शिक्का माथ्यावर की पाठीवर, यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही.

जालनेकर: शिक्का माथ्यावर आहे आणि ओळी अकरा आहेत. शिक्क्यातले साल मी फारसी आकड्यांचा तक्ता पाहून १२१० असे लावले. मला फक्त सरदाराची माहिती हवी आहे.

मुनशी: हे सरदार नसून इंग्रज असावेत. हैदराबादचे रेसिडेंट, म्हणजे निजामाच्या दरबारातले ईस्ट इंडिया कंपनीचे प्रतिनिधी, जेम्स अकिलीझ कर्कपॅट्रिक यांचा किताब ‘हश्मत जंग’ हाच होता, जसा क्लाइव्हचा ‘साबित जंग’ आणि हेस्टिंग्जचा ‘जलादत जंग’. दरबारांशी पत्रव्यवहार फारसीत करावा लागत असल्याने कंपनीचे अधिकारी मुनशी, म्हणजे फारसी लेखनिक, पदरी बाळगत आणि फारसी किताब शिक्क्यावर कोरून घेत. फारसीचे हे स्थान १८३७च्या कायद्यापर्यंत टिकले.

सातारकर: मला हे पटत नाही. हिजरी १२१० म्हणजे १७९५-९६, आणि कर्कपॅट्रिक रेसिडेंट झाले १७९८ मध्ये. शिवाय एकच किताब वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या माणसांना मिळत असे. एखाद्या मौलवींकडून पूर्ण कागद वाचून घ्यावा, म्हणजे प्रश्न मिटेल.

मुनशी: छापील उर्दू सहज वाचणाऱ्यालाही शिकस्ता वाचता येईलच असे नाही, कारण त्या धावत्या लिपीत नुक्ते, म्हणजे अक्षरांची टिंबे, गाळलेले असतात आणि एरवी सुटी राहणारी अक्षरेही एकमेकांना जोडलेली असतात. शिक्षक नावापाशीच थांबले ते बहुधा त्यामुळेच. जालनेकर, सालातला शेवटचा आकडा नुसते टिंब आहे की वाटोळे चिन्ह?

जालनेकर: वाटोळे आहे, म्हणूनच मी शून्य धरले.

मुनशी: फारसीत शून्य टिंबाने लिहितात आणि वाटोळे, किंचित चेपलेले चिन्ह पाचाचे असते. म्हणजे आपले साल १२१५, अर्थात मे १८०० ते मे १८०१. मात्र हे साल शिक्का कोरल्याचे असते, पत्र त्यानंतर कधीचेही असू शकते.

मायबोलीप्रेमी: मराठी दरबारात फारसी पत्रव्यवहार पाहणाऱ्याला पारसनीस म्हणत आणि पुढे तेच आडनाव झाले. आपले आडनाव पारसनीस आहे का? फडणीस, चिटणीस ही आडनावेही अशीच हुद्द्यांवरून आली आहेत.

जालनेकर: नाही, आमचे आडनाव वेगळे आहे. पत्राच्या तारखेचे म्हणाल, तर पाठीवर मोडीत एक ओळ आहे. मोडी मला वाचता येते, म्हणून तिच्याविषयी विचारले नव्हते. ‘छ १४ साबान, सन इहिदे मयातैन व अलफ, पोहोचले.’

दप्तरी: सर्वांत मोलाची ओळ आपण आतापर्यंत सांगितली नव्हती! ‘छ’ म्हणजे चांद्र महिन्याची तारीख, साबान म्हणजे शाबान महिना, आणि साल हे मराठी दप्तरांत वापरल्या जाणाऱ्या शुहूर कालगणनेतले १२०१ आहे (इहिदे एक, मयातैन दोनशे, अलफ हजार), म्हणजे कागद १८०० च्या डिसेंबरअखेरीस आपल्या पूर्वजांच्या हाती पडला. त्याच ऑक्टोबरात निजामाने कंपनीशी तह करून म्हैसूरच्या वाटणीत मिळालेला मुलूख तैनाती फौजेच्या खर्चापोटी कंपनीला दिला होता, आणि तेव्हा रेसिडेंट कर्कपॅट्रिकच होते.

सातारकर: साल जुळते, हे मी मान्य करतो. तरीही केवळ किताबावरून नाव छापू नये. मजकुरात ‘कंपनी अंग्रेज बहादुर’ असे शब्द आहेत का, ते शिकस्ता जाणणाऱ्याकडून तपासून घ्यावे. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करावी.

जालनेकर: भिंग धरून तिसरी ओळ पाहिली. ‘बहादुर’ मला ओळखू येते, परंतु त्याआधीचे दोन शब्द एकमेकांत गुंतलेले आहेत. ‘निजामाचे सरदार’ हे वाक्य मी पुस्तिकेतून काढले आहे आणि त्या ओळीचे छायाचित्र आज रात्री येथे देतो.