मदत हवी आहे: आरव्हीच्या ब्लॅक टँकचे सेन्सर बदलायचेत

अमेरिकेत आरव्ही (राहण्याची सोय असलेली गाडी) वापरणाऱ्यांसाठी प्रश्न. आमच्या ट्रॅव्हल ट्रेलरचा (गाडीमागे ओढायच्या आरव्हीचा) ब्लॅक टँक, म्हणजे टॉयलेटच्या मैल्याची टाकी, रिकामा केला तरी पॅनेलवर कायम २/३ भरलेला दिसतो. टँकच्या भिंतीतून आत गेलेले जुने, स्क्रूसारखे प्रोब आहेत; त्यांच्यावर कागद आणि ओला मळ चिकटला की त्यातूनच करंट वाहतो आणि खोटं रीडिंग येतं. भरपूर पाण्याने धुतलं, एन्झाइमचं औषध रात्रभर ठेवलं, बर्फ टाकून गाडी फिरवली. बर्फाचा तर काडीचाही उपयोग झाला नाही. प्रोबची वायर काढली की दिवा विझतो, म्हणजे वायरिंग ठीक आहे, दोष आतच.

आता टँकला बाहेरून चिकटवायची सीलेव्हल या ब्रँडची सेन्सर-पट्टी लावायची आहे; ती भिंतीतूनच पातळी मोजते. मैल्याशी संबंधच येत नाही, म्हणून हाच उपाय मला पटतो. अडचण जागेची आहे. खालचं कोरोप्लास्टचं (पन्हळी प्लास्टिकचं) आवरण सोडवून पाहिलं: टँक साधारण १० इंच उंच, पण बाजूला फ्रेमचं लोखंड जेमतेम अर्ध्या इंचावर, आणि धातू जवळ असला की या पट्टीचं रीडिंग बिघडतं. पुढच्या बाजूला मोकळी जागा आहे, पण तिथेच फ्लशचा इनलेट (पाणी आत येण्याची जागा) आहे. टँक खाली उतरवणं शक्य नाही. ग्रे टँकचे (सिंक-शॉवरच्या सांडपाण्याच्या टाकीचे) सेन्सर नीट चालतात, ते बदलायचे नाहीत.

इनलेटच्या शेजारी पट्टी लावलेल्या कुणाला रीडिंग बरोबर मिळतंय का? आणि जुन्या प्रोबचीच वायर वापरता आली, की पॅनेलपर्यंत नवी ओढावी लागली?