मोफत ऑनलाइन कोर्स केलेत का कोणी? आपल्या खान्देशातल्यांनी अनुभव सांगा

तापीकाठचा
काल पुतणीचा फोन. कॉलेजात सांगितलंय स्वयमवरचा (सरकारची मोफत कोर्सची साइट) एखादा कोर्स करा, क्रेडिट मिळतील, तर काका कोणता घेऊ. बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मराठी मीडियम. तिला काय सांगायचं ते सांगितलं पण फोन ठेवल्यावर माझंच जुनं सगळं वर आलं म्हणून हा धागा.

2010 च्या आसपासची गोष्ट. मी जळगावला नोकरीला, अमळनेरहून पॅसेंजरने अपडाउन. नेट म्हणजे सायबर कॅफे. तिथे अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचा गेम थिअरीचा, म्हणजे समोरचा काय करेल ते ओळखून आपली चाल ठरवायची त्याचा, कोर्स हाती लागला, बेन पोलाक नावाचे प्राध्यापक, 2007 साली खऱ्या वर्गात शूट केलेली 24 लेक्चरं, फी नाही, फॉर्म नाही, कोण तू कुठला कोणी विचारत नाही. व्हिडिओ उतरवायला रात्र गेली असती म्हणून नुसता ऑडिओ पेनड्राइव्हवर घ्यायचो आणि गाडीत कानात घालून बसायचो. समोर पत्त्यांचा डाव, मांडीवर पसरलेला टॉवेल, आणि माझ्या कानात डॉमिनेटेड स्ट्रॅटेजी.

त्यात सुरुवातीलाच एक खेळ आहे. सगळ्यांनी 1 ते 100 मधला एक आकडा लिहायचा. सगळ्या आकड्यांची सरासरी काढायची, तिच्या दोन तृतीयांशाच्या सगळ्यात जवळ ज्याचा आकडा तो जिंकला. मी हा आमच्या डब्यात खेळवला. एक इंजिनियरिंगचा पोरगा होता त्याने सगळेच शहाणे धरून, दोन तृतीयांशाचं परत दोन तृतीयांश असा तर्क लावत लावत खाली येऊन 1 लिहिला, पुस्तकात तेच उत्तर आहे. पत्तेवाल्या नानांनी सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि 20 लिहिला. नाना जिंकले. पोरगा वाद घालायला लागला तर नाना म्हणे, "तू शहाणा शे रे भो, पन डब्बामा बठ्ठा थोडीच शहाणा शेत." (बठ्ठा म्हणजे सगळे.)

पोलाक सरांनी यावर पुढे अर्धा तास घेतलाय. तर सांगा, कोणी काय काय केलं, पूर्ण केलं का सोडलं, उपयोग झाला का.

नवती_कांदेबाग
नाना भारी 😂 असे लोक बाजार समितीत पाहिजेत.

मी रावेर तालुक्यातला, केळीवाला. लॉकडाऊनमध्ये माल बागेत उभा आणि गाड्या बंद, तेव्हा डोकं फिरायची वेळ आली होती तर मेहुण्याने अमेरिकेतल्या एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरची, म्हणजे त्यांच्या फुकट कोर्सच्या साइटची, लिंक दिली, जोनाथन ग्रुबर यांचा मायक्रोइकॉनॉमिक्सचा कोर्स, 14.01 नंबरचा. माणूस इतका पटापट बोलतो की मी स्पीड कमी करून ऐकायचो. पहिलं लेक्चर मागणी-पुरवठा. म्हटलं हे आम्हाला काय शिकवता, आमचं आयुष्य त्यातच गेलं. पण लवचिकता आली, म्हणजे भाव हलला की मागणी-पुरवठा किती हलतो ते, तिथे मी सरळ होऊन बसलो. कापूस घरात भरून ठेवता येतो, भाव नसला तर खोलीत पडू दे. घडाचं तसं नाही, तयार झाला की कापायलाच लागतो, चार दिवस थांबलात तर झाडावरच पिकतो. म्हणजे त्या आठवड्यात आमचा पुरवठा काठीसारखा ताठ, भाव काहीही होवो माल येणारच, आणि हे व्यापाऱ्याला आपल्यापेक्षा आधी माहीत असतं. बऱ्हाणपूरचे भाव आज काय निघाले हे सकाळी उठल्या उठल्या का बघतो आपण, बोर्डावर एक आकडा आणि बागेत येऊन दुसराच का सांगतात, ते मला त्या आलेखावर दिसलं. उपाय नाही दिसला हे पण सांगतो.

मग मी स्वतःच इकडे तिकडे वाचायला लागलो तर कोबवेब मॉडेल सापडलं. यंदा भाव चढला की सगळे लागवड करतात, पण घड यायला वर्षभर लागतं, तोवर सगळ्यांचा माल एकदम येतो आणि भाव आपटतो, मग लोक बाग मोडतात, मग पुन्हा चढतो. आलेखात ते कोळ्याच्या जाळ्यासारखं गोल गोल फिरतं म्हणून ते नाव. वडिलांना दाखवलं. त्यांनी मोबाईल लांब धरून बघितलं आणि विचारलं, "मग तू औंदा लावणार का नाही ते सांग." लावली. सगळ्यांनीच लावली.

भुसावळ_४७_डिग्री
"सगळ्यांनीच लावली" 🤣🤣 मेलो

मन्ही_बोली_अहिराणी
हाई बठ्ठं इंग्रजीमा शे ना भो. अहिराणीमा कोणी शिकाडी तं मी बी पास व्हई जासू.

तापीकाठचा
@मन्ही_बोली, अहिराणीत नाही पण एनपीटीईएलच्या (आयआयटीवाल्यांचे कोर्स, स्वयमवरच असतात) बऱ्याच कोर्सची भाषांतरं झालीत, त्यात मराठी पण आहे. पुतणीला तेच सांगितलं. आणि एमआयटीचं साहित्य भाषांतर करायला परवानगी असते, विकायचं नाही, नाव द्यायचं आणि आपलं भाषांतरही त्याच अटींवर खुलं ठेवायचं एवढीच अट. तूच कर सुरू.

मन्ही_बोली_अहिराणी
पयले मन्ही भाषांतराची फी ठरू द्या 😄

सातपुड्याची_ताई
मी नंदुरबार जिल्ह्यात आरोग्य खात्यात, धडगावकडे. लिहायला वेळ मिळत नाही म्हणून तुकड्या तुकड्यात लिहिते, सांभाळून घ्या.

आमच्या डॉक्टर मॅडमनी एक दिवस मोबाईलवर एस्थर डुफ्लो आणि अभिजित बॅनर्जी यांचं लेक्चर लावलं, जागतिक गरिबीवरचा एमआयटीचा कोर्स, तोही फुकट. दोघांना 2019 ला नोबेल मिळालं ते हेच, सोबत मायकेल क्रेमर. त्यात राजस्थानातल्या उदयपूरकडच्या खेड्यांतला लसीकरणाचा प्रयोग आहे. काही गावांत नेहमीसारखंच ठेवलं, काही गावांत ठरल्या दिवशी न चुकता कॅम्प लावला, आणि काही गावांत कॅम्प अधिक दर डोसला 1 किलो डाळ, सगळे डोस झाले की ताटांचा सेट. पूर्ण लसीकरण झालेली मुलं किती, तर पहिल्या गावांत 6 टक्के, कॅम्पवाल्या गावांत 18, डाळीच्या गावांत 39. आणि डाळ वाटूनही एका मुलामागचा खर्च कमी आला, कारण नर्स दिवसभर बसलेलीच असते, पोरं जास्त आली की तोच पगार जास्त पोरांवर वाटला जातो.

मी तो भाग परत परत बघितला. इंग्रजी सगळं नाही कळत पण नर्स बसलेली असते हे बरोबर कळलं, ती मीच. पाड्यावर सकाळी पोचायचं, आइस पॅक वितळायच्या आत संपवायचं, आणि चार बाया येणार, त्यातली एक म्हणणार मागच्या वेळी ताप आला होता आता नको. डाळ असती तर ती पण आली असती असं मला वाटतं. पण आमच्याकडे दिवाळीनंतर अर्धा पाडा ऊसतोडीला गुजरातला जातो. तिथे डाळ नाही चालत, तिथे यादी चालते, कोण कुठल्या फडावर गेलं त्याची. हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं. अर्थात डुफ्लो मॅडम म्हणतीलच की प्रयोग करून दाखवा.

सुवर्णनगरी
ताई सलाम तुम्हाला. डाळ कोणती होती हो? मूग का तूर 😀 जळगावच्या डाळ मिलवाल्यांना कळवतो

सातपुड्याची_ताई
कच्ची डाळ एवढंच आठवतं, कुठली ते नाही 😄 तूर असती तर मी पण लाइनीत उभी राहिले असते, भाव बघा.

खापरावरची
आमच्या गच्चीवर बिबडे घालणं चालू आहे, हात पिठाचे आहेत म्हणून बोलून टाइप करतेय चुका होतील

मी बार्बरा ओकली बाईंचा कोर्स केला शिकायचं कसं शिकायचं त्याच्यावर कोर्सेरा साइटवरचा. त्यात त्या सांगतात पंचवीस मिनिटं मन लावून काम आणि मग ब्रेक पोमोडोरो म्हणतात त्याला. आमच्याकडे पंचवीस मिनिटं सलग मिळाली तर मी कोर्स कशाला करू झोपेन ना. तरी मी केला. कुकर लावायचा शिट्ट्या होऊन वाफ जाईपर्यंत व्हिडिओ बघायचा. सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या ही बाई रोज काय सांगते तुला, मग त्याच शेजारी बसून लसूण सोलायला लागल्या आणि एकदा म्हणाल्या कालचं अर्धं राहिलं होतं ते लाव. बाईंची एक गोष्ट त्यांना पटली, त्या स्वतः शाळेत गणितात नापास व्हायच्या आणि पुढे इंजिनियरिंगच्या प्रोफेसर झाल्या. सासूबाईंची शाळा चौथीत सुटली

भुसावळ_४७_डिग्री
वहिनी बिबडे पार्सल करता का

खापरावरची
किलोचा भाव मेसेजमध्ये विचारा 🙏 लवचिकता नाही आमच्यात

नवती_कांदेबाग
😂😂 शिकल्या बरोबर

शिरपूरचा_कोडर
सीएस50 केलं हार्वर्डचं, कॉम्प्युटर सायन्सची ओळख. डेव्हिड मॅलन. पहिल्याच लेक्चरला टेलिफोन डिरेक्टरी मधोमध फाडतो, नाव शोधायला अर्धं पुस्तक फेकायचं, उरलेलं परत अर्धं. आईने नेमकं तेवढंच बघितलं, म्हणे याच्यासाठी लॅपटॉप घेतला का. पण भारी कोर्स आहे. त्यांच्याकडचं सर्टिफिकेट फुकट मिळतं, एडएक्स या कोर्सच्या साइटचं पाहिजे असेल तर पैसे. आता पुण्यात इंटर्नशिप चालू आहे, इंटरव्ह्यूत सर्टिफिकेट कोणी बघितलं नाही, प्रोजेक्ट मात्र उघडून बघितला.

अर्धवटराव_पाचोरा
माझा अनुभव एका ओळीत. नाव नोंदवलेले कोर्स भरपूर, पूर्ण केलेला एकही नाही. दुसऱ्या आठवड्यात कपाशीची वेचणी, नाहीतर लग्न, नाहीतर लाईट. शेताच्या फीडरला रात्रीची पाळी असली की मोटर चालू करायला जायचं, मग कोण लेक्चर बघतो.

सुवर्णनगरी
@अर्धवटराव एकटे नाही तुम्ही. 2012 ला एमआयटीने पहिला मोठा ऑनलाइन कोर्स काढला, सर्किट्स अँड इलेक्ट्रॉनिक्स, अनंत अगरवाल सरांचा. नाव नोंदवलं जवळपास 1,55,000 जणांनी, पास झाले 7 हजारच्या आसपास. आणि त्यांच्याकडे फीडरची पाळी नव्हती.

माझं मत विचाराल तर पूर्ण केलंच पाहिजे असं काही नाही. लायब्ररीतलं प्रत्येक पुस्तक कोण शेवटपर्यंत वाचतं? मी रॉबर्ट शिलर यांचा फायनान्शियल मार्केट्स अर्धाच बघितला, तोही येलचा, यांना 2013 ला नोबेल. पण जेवढा बघितला तेवढ्यात इन्शुरन्स म्हणजे नक्की काय आणि एजंट काय विकतो यातला फरक कळला, पैसे वाचले.

तापीकाठचा
शिलर म्हटल्यावर आमचं अमळनेर आलंच. विप्रो 1945 साली इथेच सुरू झाली, वनस्पती तुपाची कंपनी म्हणून. गावातल्या कितीतरी घरांनी तेव्हा शेअर घेतले, शेअर म्हणजे काय हे फारसं माहीत नसताना, आणि ज्यांनी नुसते पेटीत ठेवून दिले ते कुठच्या कुठे गेले. शिलर म्हणतात बाजार भावनेवर हलतो. आमच्याकडची भावना अशी की कागद पेटीत आहे तर राहू द्या. ज्यांच्या आजोबांनी पोरीच्या लग्नासाठी विकले त्यांच्याशी हा विषय काढायचा नसतो.

अर्धवटराव_पाचोरा
आमच्या आजोबांनी त्याच पैशात बैल घेतले होते. चांगले होते बैल.

उमविची_पोर
कोणी क्रेडिटबद्दल सांगेल का??? मी एनपीटीईएलचा 12 आठवड्यांचा कोर्स केला, परीक्षा पण दिली, सर्टिफिकेट आलं, आणि आमच्या कॉलेजच्या ऑफिसात सांगतात असं काही नसतं, मार्कशीटवर कसं चढवणार. एका खिडकीवरून दुसरीकडे. नेमकं कोणाला भेटू

शिरपूरचा_कोडर
नसतं कसं. यूजीसीचा 2021 चा नियम आहे, सेमिस्टरला 40 टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून घेता येतात. पण कॉलेजने आधी मंजूर केलेल्या यादीतला असावा लागतो, खरी गोम तिथे आहे. ऑफिसच्या खिडकीवर नको जाऊ, स्वयमचे एक समन्वयक सर किंवा मॅडम असतात कॉलेजात, त्यांना पकड, नसतील तर एचओडीला, म्हणजे विभागप्रमुखांना, लेखी अर्ज दे आणि पोच घे. पोच महत्त्वाची.

उमविची_पोर
थँक्यू दादा 🙏 उद्याच जाते

तापीकाठचा
पुतणीला पण हेच सांगतो, आधी यादी बघ. परीक्षेचं कसं असतं गं? फी वगैरे?

उमविची_पोर
काका बघणं शिकणं सगळं फुकट, परीक्षेला मी 1000 भरले. असाइनमेंटचे 25 आणि परीक्षेचे 75, 12 मधल्या चांगल्या 8 असाइनमेंट धरतात. परीक्षा ऑनलाइन असली तरी घरून नाही, सेंटरवर जाऊन. मला नाशिक आलं होतं, पप्पा सोबत आले, पेपर होईपर्यंत बाहेर रसवंतीवर बसून होते आणि बाहेर आल्यावर पहिला प्रश्न, नोकरी कधी लागेल

भुसावळ_४७_डिग्री
सगळ्यांचे पप्पा एकच असतात

गल्ली_नं_४_धुळे
कोर्सेरावर पैसे न भरता सर्टिफिकेट मिळतं का? कोणी केलंय का

खापरावरची
हो मी केलं तेव्हा मिळालं होतं आता सगळी फी माफ होते का ते पानावर बघा. कोर्सच्या पानावर आर्थिक मदतीचा अर्ज असतो त्यात लिहायचं तुम्ही कोण कमाई किती कोर्स का करायचाय. पंधरा दिवस वगैरे थांबावं लागतं. खरं खरं लिहा घरचंच लिहा नेटवरून उचलून टाकू नका. मी लिहिलं होतं की पापड बिबड्यांवर महिन्याला किती सुटतात ते. मंजूर झालं

गल्ली_नं_४_धुळे
वा. आणि नुसतं बघायचं असेल तर?

सुवर्णनगरी
नुसतं बघायला कुठल्याही साइटवर कार्डाचा नंबर मागितला की थांबायचं आणि पान नीट वाचायचं, सात दिवस फुकट आणि आठव्या दिवशी पैसे कट असा प्रकार असतो. येल आणि एमआयटीचं जुनं बरंचसं यूट्यूबवर पडलंय, तिथे काही भानगड नाही. आणि घरी नेट नसेल तर स्वयम प्रभाचे शिकवणीचे टीव्ही चॅनल फ्री डिशवर लागतात, आमच्या गल्लीत एक पोरगा त्यावरच स्टॅटिस्टिक्स शिकला, घरचे सिरीयल सोडत नाहीत म्हणून पहाटे उठून.

नवती_कांदेबाग
बरं ते जाऊ द्या, रविवारी कोणाकोणाला जमतंय? भरताला बामणोदची वांगी आणतोय, भाजायला कपाशीच्या काड्या मळ्यातच आहेत. ताई धडगावहून लांब पडेल तुम्हाला पण आलात तर बरं. तो आकड्यांचा खेळ पण खेळू, जो हरेल तो कांद्याची पात चिरेल.

अर्धवटराव_पाचोरा
मी येतो. आकडा आताच सांगून ठेवतो, 20.

भुसावळ_४७_डिग्री
मग मी 13.

मन्ही_बोली_अहिराणी
कळण्यानी भाकर शे का पुरी ते पयले सांगा, मंग आकडा.