‘व्हेलॉसिरॅप्टर’ला मराठीत काय म्हणाल?

शाळेच्या भित्तिपत्रकासाठी डायनोसॉरांची नावं मराठीत लिहितेय आणि व्हेलॉसिरॅप्टरपाशी गाडी अडलीय. ‘वेगवान चोर’ मला पाकीटमारासारखं वाटतं. दुसरं काही सुचतंय?

—

चोर नकोच. लॅटिनमध्ये ‘व्हेलॉक्स’ म्हणजे चपळ आणि ‘रॅप्टर’ म्हणजे हिसकावून नेणारा. चोर गुपचूप नेतो, हा समोरून झडप घालतो. चौपाटीवर घार हातातला वडापाव उचलते ना, तसं. घार-ससाण्यांनाही इंग्रजीत रॅप्टरच म्हणतात.

मंगोलियातल्या गोबी वाळवंटात १९२३ साली हा सापडला आणि पुढच्या वर्षी अमेरिकन जीवाश्मतज्ज्ञ ऑसबॉर्न यांनी नाव ठेवलं. त्याच लेखात त्यांनी अंड्यांपाशी सापडलेल्या दुसऱ्या एका डायनोसॉरला ‘ओव्हिरॅप्टर’, म्हणजे अंडी पळवणारा, ठरवलं. सत्तरेक वर्षांनी कळलं की तसली अंडी त्याच्याच कुळातली! बिचाऱ्याचं नाव मात्र तेच राहिलं.

—

डायनोसॉरला मराठीत भीमसरट म्हणतातच, मग सरळ ‘चपळ भीमसरट’ लिहा की.

—

भीम कसला? हा टर्की कोंबड्याएवढा. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत दोनेक मीटर भरतो, पण त्यात शेपूटच फार. वजन पंधरा-वीस किलो. ‘जुरासिक पार्क’ सिनेमात माणसाएवढा दाखवलाय, तो अंगानं डायनोनिकस या त्याच्या मोठ्या भाईबंदाच्या जवळ जातो. शिवाय याला पिसं होती. हाताच्या हाडावर पिसं रुजतात तिथले बारीक उंचवटे २००७ मध्ये दाखवले गेले. उडता मात्र येत नसे, हात आखूड.

—

पायाच्या विळ्यासारख्या नखीवरून ‘विळानख’ कसं वाटतं? वाघनखासारखं.

—

छान आहे, पण ते डायनोनिकसला द्या, त्याच्या नावाचा अर्थच ‘भयंकर नखी’. व्हेलॉसिरॅप्टरचीही नखी दुसऱ्या बोटाला होती आणि चालताना तो ती उचलून धरायचा, म्हणजे बोथट होत नसे. १९७१ साली गोबीतच दोन सांगाडे एकमेकांत गुंतलेले मिळाले. याची नखी प्रोटोसेराटॉप्स या शाकाहारी डायनोसॉरच्या मानेपाशी, आणि याचा उजवा हात त्याच्या चोचीत. झटापट चालू असतानाच दोघं वाळूत गाडले गेले असावेत. नखीनं पोट फाडायचा असं पूर्वी म्हणत. आता बरेच जण मानतात की ससाण्यासारखा भक्ष्य दाबून धरत असावा. म्हणून माझं मत ‘झडप्या’ला.

—

आमच्याकडे भूत लागलं की ‘झडपलं’ म्हणतात हं! पोरं घाबरतील.

—

आमची पोरं? ती खूशच होतील. ‘झडप्या’ पक्कं. मूळ नाव खाली बारीक अक्षरात लिहिते आणि चित्रात पिसं काढायला सांगते. आत्ता तो पालीसारखा गुळगुळीत झालाय.