गाडीतला टीव्ही, छतावरचा अँटेना: तुमचे अनुभव सांगा

मुलुंडकर (धागाकर्ता)

उन्हाळ्यात लेकीकडे अमेरिकेला जायचंय. जावईबापूंनी सेकंडहँड आरव्ही घेतली आहे. बसएवढी गाडी, आत ओटा, बिछाने, संडास-बाथरूम, सगळा संसार. फक्त टीव्ही धड दिसत नाही. "बाबा, तुम्ही दूरदर्शनच्या वरळीच्या मनोऱ्याच्या काळातले, तुम्हीच बघा," असं म्हणून काम माझ्या गळ्यात घातलंय. तिथे हवेतून फुकट येणारी चॅनलं अजून भरपूर आहेत आणि गाडीच्या छतावर अँटेनाही आहे. पण चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो आणि मग निळा पडदा.

मंडळी, दोन्ही प्रकारचे अनुभव येऊ द्या. गच्चीवर अँटेनाच्या काड्या फिरवण्याचे जुने आणि आरव्हीतले ताजे. "मोबाइलवर बघा" हा सल्ला सोडून काहीही चालेल.

लालबागकर

दूरदर्शनचं मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. आमच्या चाळीत टीव्ही यायला त्यानंतर बराच काळ गेला, पण आला तेव्हा सगळ्या मजल्यांचा आला. वरळी हाकेच्या अंतरावर, म्हणून सगळ्यांना वाटलं आपल्याकडे चित्र झकास येणार. कसलं काय! प्रत्येक माणसाशेजारी त्याचंच फिकट भूत उभं. वृत्तनिवेदिका एक, नाकं दोन.

कारण आजूबाजूला गिरण्यांच्या चिमण्या, पत्र्यांच्या शेड, नव्या उंच इमारती. लहर मनोऱ्यावरून सरळ येते, आणि तीच कुठल्यातरी भिंतीवर आपटून क्षणभर उशिराही येते. वर काका, गॅलरीत मी, टीव्हीसमोर आत्या. "आलं का?" "आलं... आलं... गेलं! मागे घे!" ही आरोळी मजल्यांवरून वर-खाली. काकांची अक्कल अशी, की ते मनोऱ्यावर नेम धरायचेच नाहीत. चित्र थोडं फिकं झालं तरी चालेल, पण भूत जाईल अशा कोनात काड्या वळवायचे. अँटेनाला काही बाजूंनी जवळजवळ ऐकूच येत नाही, ती बहिरी बाजू त्या आपटून येणाऱ्या लहरीकडे करायची. आरव्ही पार्कात शेजारी सगळ्या पत्र्याच्या गाड्याच असतात म्हणे. तेव्हा जावईबापूंना सांगा, मनोऱ्याकडे तोंड केलं म्हणजे काम झालं असं नाही. पाच-दहा अंश इकडे-तिकडे करून बघायचं.

जुना मेकॅनिक

लालबागकरांच्या काकांना नमस्कार. लॅमिंग्टन रोडला दुकानात उमेदवारी केली तेव्हा आमचे मालकही हेच सांगायचे.

मुलुंडकर, तुमच्या जावयाच्या टीव्हीला काय झालंय ते आधी समजून घ्या. आपल्या जुन्या टीव्हीत सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या, म्हणजे वळवळणारे काळे-पांढरे ठिपके यायचे. आणखी कमी झाला की मुंग्या वाढायच्या, पण मुंग्यांतूनही सिनेमा बघता यायचा. अमेरिकेत मोठ्या केंद्रांचं जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण १२ जून २००९ ला बंद झालं, आता सगळं डिजिटल. त्यात मुंग्या नाहीत आणि भुतंही दिसत नाहीत. एका मर्यादेपर्यंत चित्र स्वच्छ, ती ओलांडली की चौकोन, आणि लगेच काहीच नाही. त्यामुळे चित्राकडे बघून अँटेना लावता येत नाही. टीव्हीच्या मेन्यूत सिग्नलचा पट्टा असतो, तो उघडा ठेवून अँटेना फिरवायचा. तोही हळू. वळवला की दोन-तीन सेकंद थांबायचं, ट्यूनरला (टीव्हीतला चॅनल पकडणारा भाग) सावरायला वेळ लागतो. आपल्या पद्धतीने भराभर फिरवलंत तर बरोबर जागा हातातून निसटून जाईल आणि कळणारही नाही.

आता उंची. वरळीचा मनोरा ३०० मीटर. सपाट जमिनीवर त्याची नजर साधारण ७० किलोमीटरपर्यंत जाते. चार मजली इमारतीच्या गच्चीवर, म्हणजे १५ मीटरवर अँटेना असेल तर त्यात आणखी १६ किलोमीटरांची भर. आरव्हीचं छत जेमतेम चार मीटर, तिथे भर फक्त ८ ची. म्हणून छतावरचा अँटेना दांडा वर करून वापरायचा असतो. निजलेल्या अवस्थेत तो एसीच्या खोक्याआड जातो. आणि गाडी उभी करतानाच टेकडीच्या कुठल्या बाजूला उभी करतोय ते बघा. सिग्नल मोठा करणाऱ्या बूस्टरला डोंगर फोडता येत नाही.

बोरिवलीची आजी

मी मुलाकडे ॲरिझोनात होते तेव्हा आरव्हीतून बरंच फिरलो. आमच्या गाडीत छताला आतून एक हँडल होतं. ते फिरवलं की वरचा दांडा उभा राहतो, आणि मग हँडलभोवतीची चकती खाली ओढून फिरवली की वरचा अँटेना वळतो. वटवाघळाच्या पंखांचा असतो तो, तिथे त्याला बॅटविंगच म्हणतात. पावसात छतावर चढायला नको, आरडाओरडा नको. आमच्या ह्यांना त्यातही चैन पडेना, ते मला मुद्दाम विचारायचे, "आलं का?"

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टीव्हीमागच्या कपाटात किंवा भिंतीवर एक छोटी पट्टी असते. तिच्यावर वायरचं भोक, एक बटण आणि इवलासा हिरवा दिवा. तो दिवा लागलेला असेल तरच अँटेनाच्या डोक्यातला बूस्टर चालू. कॅम्पग्राउंडची केबल लावली असेल तर तो बंद पाहिजे. जुनी गाडी घेतलेल्यांना ते बटण बहुतेक कोणी दाखवतच नाही. मुलाचा मित्र नवा अँटेना विकत घ्यायला निघाला होता, ह्यांनी त्याच्या गाडीत ते बटण दाबलं आणि त्याचे पैसे वाचले.

दुसरं, गाव बदललं की चॅनल पुन्हा शोधायला लावायची. टीव्हीला वाटतं आपण अजून कालच्याच गावात आहोत. आधी अँटेना अंदाजाने वळवा, मग स्कॅन करा.

वसईवाला

आमच्याकडे वरळीचं चित्र बारा महिने तेरा काळ मुंग्यांसकट. बांबूवर अँटेना, पावसाळ्यात बांबू वाकलेला. पण एप्रिल-मे महिन्यांत, वारा पडलेल्या रात्री, अरबी समुद्र ओलांडून भलतंच काहीतरी यायचं. कधी उर्दू, कधी अरबी. समुद्रावर थंड हवेवर गरम हवेचा थर बसला की लहरी त्यातून वाकत वाकत शेकडो किलोमीटर जातात, हे पुढे कॉलेजात कळलं. तेव्हा आम्ही बूस्टरची पाठ थोपटायचो.

सांगायचा मुद्दा, रात्री एखादं लांबचं चॅनल लागलं म्हणून सकाळी लागेलच असं नाही. स्कॅन दिवसा एकदा, रात्री एकदा करून बघा.

दादरची सूनबाई

एवढा खटाटोप करण्यापेक्षा एक डेटा प्लॅन घेतला तर? विचारलं आपलं. (धागाकर्त्यांनी मनाई केलीय, माहीत आहे.)

बोरिवलीची आजी

दादरच्या सूनबाई, कितीतरी राष्ट्रीय उद्यानांत मोबाइलला एक काडी येत नाही. आणि टीव्ही फक्त मालिकांसाठी नसतो. वादळाचा इशारा आला की तिथलं स्थानिक चॅनल नकाशावर कुठला तालुका सापडणार ते दाखवत बसतं. टेक्सासात एका रात्री तेच बघून आम्ही गाडी सोडून कॅम्पग्राउंडच्या पक्क्या इमारतीत जाऊन बसलो. मुलाकडे हवामान खात्याचा वेगळा रेडिओही होता, १६२ मेगाहर्ट्झच्या आसपास चोवीस तास बोलत असतो. तोही घ्या.

जुना मेकॅनिक

बूस्टरबद्दल राहिलं. लोक टीव्हीशेजारी बूस्टर लावतात आणि वर फरक नाही म्हणतात. वायरमध्ये सिग्नल विरला की त्यात कचरा मिसळतो, मग तुम्ही कचराही मोठा करता. बूस्टर हवा अँटेनापाशी. आरव्हीत तो तिथेच असतो आणि त्याला १२ व्होल्ट त्याच वायरमधून वर जातात. म्हणून भिंतीवरची पट्टी आणि अँटेना यांच्यामध्ये कोणी स्प्लिटर (एका वायरच्या दोन वाटा करणारा जोड) घातला असेल तर वीज तिथेच अडू शकते. स्प्लिटर हवाच असेल तर पट्टीनंतर. तोही दोन वाटांचा असला तरी सिग्नल निम्म्याहून थोडा कमीच पुढे देतो, बेडरूमचा टीव्ही नको असेल तर काढून टाका.

जुन्या गाडीत अँटेनाची वायर बहुतेक आरजी-५९ जातीची असते, बदलायची झाली तर सिग्नल कमी विरणारी आरजी-६ घाला. टोकाचे एफ कनेक्टर उघडून बघा. आतली तांब्याची तार हिरवी पडली असेल तर पाणी शिरलंय, तेवढा तुकडा कापा.

मनोऱ्याच्या अगदी जवळ असाल तर मात्र बूस्टर बंद करा. जास्त सिग्नलने ट्यूनर गुदमरतो आणि लक्षणं नेमकी कमी सिग्नलसारखीच दिसतात. लॉस एंजेलिसचे बहुतेक मनोरे माउंट विल्सनवर आहेत, त्याच्या पायथ्याशी राहून बूस्टर कशाला?

मुलुंडकर

मेकॅनिकसाहेब, एक शंका. जावई म्हणतो ४ नंबरचं चॅनल दिसत नाही पण २८ नंबरचं दिसतं. आपलं वरळीचंही चॅनल ४ च होतं ना? त्याच्या काड्या केवढ्या लांब असायच्या, आणि ह्याच्या गाडीवर फूटभर पंख.

जुना मेकॅनिक

आपलं चॅनल ४ म्हणजे ६१ ते ६८ मेगाहर्ट्झ. लहरीची लांबी पावणेपाच मीटर, म्हणून मुख्य काडी तिच्या निम्मी, साडेसात फुटांच्या आसपास. कावळे बसून बसून वाकायची ती हीच.

अमेरिकेत पडद्यावर दिसणारा आकडा आणि हवेतला आकडा वेगळे असू शकतात. पडद्यावर ४.१, प्रत्यक्षात ते ३० च्या पुढे कुठेतरी. तिथे २०२० च्या जुलैत चॅनलांची फेरमांडणी संपली, आता हवेतली चॅनलं ३६ पर्यंतच. १४ ते ३६ म्हणजे ४७० ते ६०८ मेगाहर्ट्झ, त्याला फूटभर काडी पुरते. पण काही केंद्रं अजून ७ ते १३ वर आहेत, क्वचित २ ते ६ वरही. त्यांना लांब काड्या लागतात. छोटे चपटे किंवा घुमटाकार अँटेना नेमके तिथे मार खातात. एफसीसीच्या (तिथलं प्रसारणाचं सरकारी खातं) नकाशावर जागा टाकली की कुठलं केंद्र, हवेतला खरा आकडा, मनोरा कुठल्या दिशेला, सगळं येतं. तो आकडा १३ किंवा त्याखाली निघाला तर दोष जावयाचा नाही.

डोंबिवली फास्ट

इथून टीव्ही घेऊन जाऊ नका हं कोणी. चुलतभाऊ नवाकोरा घेऊन गेला होता, केवढं ओझं! वीज जमवली, पण तिथल्या हवेतल्या प्रक्षेपणाची पद्धत एटीएससी, आपल्या टीव्हीत तो ट्यूनरच नव्हता. शेवटी तो फक्त पेन ड्राइव्हवरचे सिनेमे बघायला उपयोगी पडला.

चाकावरचा ठाणेकर

आम्ही इथे ट्रॅव्हलर गाडीची कॅराव्हॅन करून घेतली आहे. आपल्याकडे दूरदर्शनचं जुनं जमिनीवरून होणारं प्रक्षेपण बहुतेक ठिकाणी बंदच झालंय, म्हणून आम्ही डीडी फ्री डिश लावतो. उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व. मुंबई-कोकणातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून जवळजवळ ५७ अंश वर. म्हणजे खूपच उंच, लोक छत्री फार खाली झुकवतात आणि मग बसतात शोधत. छत्री टपावर ठोकली नाही, वेगळ्या तिकाटण्यावर ठेवतो. गाडी आंब्याच्या सावलीत, छत्री दहा-पंधरा मीटरवर उन्हात. टपावर असती तर सावली की टीव्ही, एकच काहीतरी. जोराच्या पावसात चित्र जातं, सर थांबली की येतं, त्यात काही दुरुस्त करायचं नसतं.

मुलुंडकरांना एक सुचवतो. आमच्या गाडीत एफएम रेडिओ खरखरायचा आणि दोष निघाला स्वस्त इन्व्हर्टरचा. सोलरचा चार्ज कंट्रोलर, स्वस्त एलईडी दिवे, सगळे असा कचरा हवेत सोडतात. जावयाला सांगा, एकेक वस्तू बंद करत सिग्नलचा पट्टा बघ. कुठल्यातरी एका वस्तूने पट्टा उडी मारून वर गेला तर चोर सापडला.

बोरिवलीची आजी

निघताना अँटेना खाली घ्यायचं विसरू नका. खाली घेण्याआधी तो ठरलेल्या दिशेला वळवावा लागतो, चकतीवर बाण असतात ते जुळले पाहिजेत, नाहीतर पंख छतावर आडवे आपटतात. आमच्या शेजारची गाडी दांडा उभा ठेवून निघाली आणि पहिल्याच झाडाने तो छतासकट उचकटला. दुरुस्तीत अँटेनापेक्षा छताची गळती महाग पडली. आम्ही लाल फडकं ठेवायचो. अँटेना वर केला की ते स्टिअरिंगला बांधायचं.

लालबागकर

आणि दिशा बघायला होकायंत्र वापरणार असाल तर गाडीत बसून बघू नका, लोखंडाने सुई भरकटते. चांगलं वीस-पंचवीस पावलं लांब जा. मुंबईत होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत जवळजवळ फरक नाही, त्यामुळे आपल्याला सवय नसते. सिॲटलकडे तो फरक सुमारे १५ अंश पूर्वेला, मेन राज्यात तेवढाच पश्चिमेला. नकाशावरचा आकडा खऱ्या उत्तरेपासूनचा असेल तर तो तसाच्या तसा सुईवर लावून चालत नाही. फोनच्या होकायंत्रात खरी उत्तर दाखवायची सोय असते, सेटिंगमध्ये जाऊन ती आधी चालू करा.

मुलुंडकर

आत्ताच लेकीशी बोललो. हिरवा दिवा बंद होता. बटण दाबलं, पुन्हा स्कॅन केलं, चॅनलं वाढली. ४ नंबर अजून नाही. नकाशात त्याचा खरा आकडा बघायला सांगितलंय.