फेरी चुकली, यॅमल लागलं: रूट कॅल्क्युलेटरचे अनुभव लिहा

खाडीकाठ
आज सकाळी धोपाव्याच्या जेट्टीवर उभा होतो. पुढचा टेम्पोवाला मोबाइल दाखवून म्हणाला, "दादा, हा तर पाण्यातून न्यायला बघतोय." हसलो खरा, पण पोटात जुना गोळा आलाच.

मामाच्या आंब्याच्या पेट्या दापोलीकडे पोचवायच्या होत्या. मी नुकताच एडब्ल्यूएस, म्हणजे अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा, शिकलेला, हात शिवशिवत होते. तिथल्या क्लाउडफॉर्मेशनमध्ये काय उभं करायचं ते यॅमल भाषेतल्या टेम्प्लेटमध्ये लिहून द्यायचं; त्यात मी रूट कॅल्क्युलेटर, म्हणजे त्यांच्या लोकेशन सर्व्हिसचं मार्ग काढणारं साधन, लिहिला. लिहायचं असतं काय त्यात? कॅल्क्युलेटरनेम, डेटासोर्स (नकाशाची माहिती कुठल्या कंपनीची ते), वाटलं तर वर्णन आणि टॅग. स्टॅक (टेम्प्लेटमधून उभं राहतं ते सगळं) हिरवा झाला, आजीने देवापुढे साखर ठेवली. मार्ग आला गुहागर, धोपावे, फेरी, दाभोळ. वेळ झकास.

मामा जेट्टीवर पोचला तेव्हा शेवटची फेरी गेलेली. मग चिपळूण-खेडचा वळसा, मे महिन्याचा उकाडा, आणि पेट्या टेम्पोतच पिकायला लागल्या.

त्या रात्री 'फेरी नको' हे टेम्प्लेटमध्ये कुठे लिहायचं ते शोधत बसलो. ते तिथे नसतंच! अव्हॉइडफेरीज दर विनंतीबरोबर पाठवायचं, कार मोडच्या पर्यायांत. नाही पाठवलं तर फेरी चालेल असं धरलं जातं. टेम्प्लेटने नुसतं दुकान उघडतं, काय हवं ते गिऱ्हाइकाने दर खेपेला सांगायचं. मी सांगितलंच नव्हतं.

मामा अजून मला "काय रे ढगवाल्या" म्हणतो. तुमचंही येऊ द्या.

माडाखालचा
डेटासोर्समध्ये 'हिअर' सगळी मोठी अक्षरं घालून लिहिलं. एरर. फक्त पहिलं अक्षर मोठं हवं, एवढंच! दीड तास गेला, चुलीवर पेज करपली. बाकीचं नंतर, नळाला पाणी आलंय

पेजवाली
करपलेल्या पेजेचा तळ ढवळू नये हो. वरची अलगद दुसऱ्या भांड्यात काढायची. धाग्याशी संबंध नाही, पण राहवलं नाही.

सड्यावरून
माझं यॅमल पहिल्या फटक्यात चाललं. म्हणून जरा जास्तच ऐटीत होतो. विनंतीत रत्नागिरी दिली 16.99, 73.30. आपण शाळेपासून अक्षांश आधी म्हणतो ना! इथे रेखांश आधी लागतो. म्हणजे मी उभा होतो नॉर्वेच्याही वर, समुद्रात. रस्ता सापडेना, आणि मी दोन दिवस टेम्प्लेटला शिव्या देतोय. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

मालवणी_मेवा
थंय पांढरी अस्वला आंबे खातत काय रे?? 😂

सड्यावरून
पेटी पाठवून बघतो

घाटवाट
माझा किस्सा जरा लांब आहे. मुलाची शाळेची रिक्षा येईपर्यंत लिहितो.

एका ठिकाणचा सिंगापूरचा नमुना उचलला, त्यात डेटासोर्स ग्रॅब होता. तो आग्नेय आशियापुरता, सिंगापूर रीजनमध्येच मिळतो. आपलं चिपळूण त्याच्या गावीही नाही. म्हटलं ठीक, बदलून एस्री करू, एका शब्दाचं काम. अपडेट मारलं तर नकार. कारण डेटासोर्स जागेवर बदलत नाही, जुना कॅल्क्युलेटर जाऊन नवा यावा लागतो. नवा आधी उभा राहतो आणि जुना मग पाडतात, आणि नाव तर मी हाताने ठरवून दिलेलं. एका नावाचे दोघे एका वाड्यात नांदायचे कसे? नाव बदला, मग या, असंच त्या एररमध्ये लिहिलेलं असतं.

नाव बदललं. स्टॅक हिरवा. चहा ठेवला. आणि अ‍ॅपमध्ये परवानगी नाही! कुणाला काय वापरता येईल ते ठरवणाऱ्या आयएएमच्या पॉलिसीत जुन्या नावाचा एआरएन (एडब्ल्यूएसमधला पूर्ण पत्ता) मीच हाताने टंकलेला. तिथे टेम्प्लेटमधूनच पत्ता उचलणारं गेटअ‍ॅट वापरलं असतं तर नव्या नावाचा एआरएन आपसूक आला असता. तेव्हापासून नावामागे स्टॅकचं नाव जोडतो आणि एआरएन कधीही हाताने लिहीत नाही.

रिक्षा आली.

तीन_फेऱ्या
वेसवी-बागमांडला फेरी चालू आहे का आज? बाईक न्यायची आहे. धागा चुकला असेल तर माफ करा

खाडीकाठ
बरोबर धागा आहे तुमचा :) पण वारं आहे, जेट्टीवर फोन करून निघा. आगरदांड्याची चौकशीही करून ठेवा.

मालवणी_मेवा
मशीनीक इचारू नका, तांडेलाक इचारा

लाल_माती
आमच्या वाडीतली मंडळी चिपळूणहून पायी मार्लेश्वरला निघतात. त्यांच्यासाठी वॉकिंग मोड लावला, डेटासोर्स एस्री. चालेना. एस्रीवर पायी मार्गाला सुरुवात आणि शेवट 40 किलोमीटरच्या आत हवेत. शेवटी मुक्काम धरून तुकडे केले. तशीही मंडळी मुक्काम करतातच, पहिल्याच दिवशी म्हाताऱ्यांना विचारलं असतं तर एवढी खटपट वाचली असती.
जाता जाता: एका विनंतीत मधले थांबे 23 पर्यंत घेता येतात. आमचे चहाचेच त्याहून जास्त होतात.

पेजवाली
चहाबरोबर काय असतं?

लाल_माती
खारी. कधीकधी भाकरी आणि सुकट, पण देवाला जाताना नाही हं!

माडाखालचा
परत आलो. पाणी भरलं. टॅबने ओळी आत सरकवलेलं यॅमल (ते चालत नाही) कुणी कुणी दिलंय, हात वर करा. मी ✋

घाटवाट
✋ नावात जागा सोडली होती तेही धरा. 'आंबा गाडी' असं दोन शब्दांत. जागा चालत नाही, आडवी रेघ घालायची. आणि प्राइसिंगप्लॅनची ओळ जुन्या नमुन्यांतून अजून फिरत असते, ती काढून टाका.

नवी_फांदी
काका लोकांनो, नोव्हेंबर 2024 पासून लोकेशन सर्व्हिसची नवी रूट्स एपीआय (अ‍ॅपने मार्ग विचारायची सोय) आहे. तिच्यात कॅल्क्युलेटर आधी बनवावाच लागत नाही. थेट विनंती. स्टॅकमध्ये उरते फक्त परवानगी.

खाडीकाठ
म्हणजे माझ्या त्या सात ओळी, आजीची साखर, सगळं वाया??

नवी_फांदी
जुने कॅल्क्युलेटर असतील तर ते चालतात, घाईने पाडू नका. आणि फेरी टाळायची असेल तर नव्यातही दर विनंतीला सांगावंच लागतं.

सड्यावरून
रेखांश आधी का तिथेही?

नवी_फांदी
हो 😬

पेजवाली
मामा पेटी कितीला देतात ते राहिलंच विचारायचं.

खाडीकाठ
विचारून सांगतो. आधी मला विचारतील, ढगातून पाठवणार की टेम्पोने.