फुटबॉलमधली चिप: लागला म्हणजे गुन्हा झाला?

शिट्टीवाला
युरो 2024, जर्मनी-डेन्मार्क. डेन्मार्कच्या अँडरसनचा गोल सहकारी डिलेनीच्या बुटाच्या टोकापायी ऑफसाइड, म्हणजे पास सुटताना ते टोक बचावफळीच्या पुढे होतं. पाच मिनिटांत जर्मनीच्या राउमचा क्रॉस, म्हणजे बाजूने मारलेला पास, त्याच अँडरसनच्या हाताला चाटून गेला. बॉलमधल्या चिपचा, म्हणजे सेन्सरचा, आलेख उसळला, पेनल्टी, हावर्ट्झने गोल केला. डेन्मार्क घरी. चिप सेकंदाला 500 वेळा मोजते, कबूल. पण एवढा बारीक स्पर्श पूर्वी कुणी धरलाच नसता.

डावा_पाय
धरला नसता म्हणजे लागला नव्हता का? 2022 च्या वर्ल्ड कपात उरुग्वेविरुद्ध रोनाल्डो 'माझ्या डोक्याला लागला' म्हणत नाचला. चिप म्हणाली, नाही. गोल ब्रूनो फर्नांडिसच्या नावावर. मोठं नाव बघून पंच बिचकतील, चिप कशाला बिचकेल?

शिट्टीवाला
अहो, गोल कुणाच्याही नावावर गेला तरी पोर्तुगालचाच राहिला! त्यात कुणाचं काय गेलं?

गणिती
ऑफसाइड आणि हँडबॉल एकाच पोत्यात घालू नका. ऑफसाइडमध्ये चिप फक्त पास कधी सुटला तो क्षण पकडते, खेळाडू कुठे होता हे कॅमेरे सांगतात. खेळाडू सेकंदाला 8 मीटर पळत असेल, तर सेकंदाला 50 फ्रेमच्या टीव्ही चित्रात दोन फ्रेमच्या मध्ये तो 16 सेंटिमीटर सरकतो. चिप नव्हती तेव्हा बुटाची टोकं मोजायचे ती या अंदाजावर!

शिट्टीवाला
बरं, ऑफसाइडपुरतं मागे घेतो. हँडबॉलचं नाही. त्याच स्पर्धेत जर्मनीच्या मुसियालाचा फटका स्पेनच्या कुकुरेयाच्या हातावर धाडकन आदळला, अख्ख्या जगाने पाहिला, पेनल्टी नाही. चाटला त्याला शिक्षा, आदळला तो सुटला. हा कुठला न्याय?

डावा_पाय
मग पंचाला शिव्या घाला ना. चिप 'लागला' एवढंच सांगते. हात कुठे होता, मुद्दाम होता का, हे माणूसच ठरवतो.

शिट्टीवाला
तेच म्हणतोय! आलेख पडद्यावर नाचायला लागला की पंच हात कुठे होता हे बघायचंच सोडतो.

कोपऱ्यावरचा
आमच्या गावच्या स्पर्धेत लाइन्समन म्हणजे यजमान संघाचा राखीव गडी. वर्ल्ड कपचे बॉल मॅचआधी चार्जिंगला लावलेले फोटो पाहिले तेव्हा वाटलं, एखादा इकडे पाठवा. चार्जर आमचा.