बॅकअप सुरू झाला की फोनवरचा आवाज तुटतो: बँडविड्थ वाढवावी की क्यूओएस लावावे?

धागाकर्ता
नमस्कार. पंचवीस जणांच्या कार्यालयाचे नेटवर्क मी सांभाळतो. जोडणी डाउनलोडला १०० आणि अपलोडला २० एमबीपीएस आहे. दुपारी सर्व्हरचा बॅकअप क्लाउडवर जाऊ लागला की आयपी फोनवरचा आवाज तुटतो आणि एरवी २० मिलिसेकंदांच्या आसपास असणारा पिंग (पॅकेट जाऊन उत्तर परत येण्याचा वेळ) ४०० च्या वर जातो. वरिष्ठांच्या मते मोठा प्लॅन घ्यावा. त्याची खरोखर गरज आहे का? क्यूओएस, म्हणजे कोणत्या वाहतुकीला प्राधान्य द्यायचे याची व्यवस्था, लावायचे झाल्यास सुरुवात कुठून करावी?

प्रतिसाद १
प्लॅन बदलण्याआधी एक हिशेब करून पाहा. जी.७११ कोडेकचा (आवाज डिजिटल करण्याच्या पद्धतीचा) कॉल सहसा सेकंदाला ५० पॅकेट पाठवतो. प्रत्येकात १६० बाइट आवाज आणि आयपी, यूडीपी व आरटीपी या प्रोटोकॉलचे मिळून ४० बाइटचे हेडर (पत्ता वगैरे माहिती) धरले, तर एका दिशेला ८० केबीपीएस होतात. दहा कॉल एकदम चालले तरी एक एमबीपीएससुद्धा भरत नाही.

म्हणजे आवाजाला जागा अपुरी नाही, त्याला ताटकळावे लागते आहे. बॅकअप मिळेल तेवढी लाइन व्यापतो, मोडेमचा बफर (पॅकेट थांबवून ठेवण्याची जागा) तुडुंब भरतो आणि आवाजाचे छोटेसे पॅकेट त्या रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहते. एक मेगाबाइटचा बफर २० एमबीपीएसने रिकामा व्हायला ४०० मिलिसेकंद लागतात. आपला वाढलेला पिंग याच जातीचा दिसतो. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) जी.११४ शिफारशीत एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवावा असे म्हटले आहे. वेग दुप्पट केला तरी टीसीपी (बॅकअपचा डेटा वाहणारा प्रोटोकॉल) तोही व्यापेल, फक्त बॅकअप लवकर आटोपेल.

म्हणून रांग मोडेममधून काढून स्वतःच्या राउटरमध्ये आणा, असे मी आग्रहाने सांगेन. अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांवर, म्हणजे १८ एमबीपीएसवर बांधा आणि त्यावर एफक्यू-कोडेल किंवा केक ही रांग सांभाळणारी पद्धत लावा. कोडेल रांग किती लांब आहे हे न पाहता पॅकेट किती वेळ थांबले हे पाहतो. थांबण्याचा वेळ सलग १०० मिलिसेकंदांपर्यंत ५ मिलिसेकंदांच्या वरच राहिला, तर तो पॅकेट टाकून देऊ लागतो आणि पाठवणारा वेग कमी करतो. शिवाय प्रत्येक प्रवाहाची रांग वेगळी असल्याने, मधूनमधून येणाऱ्या आवाजाच्या पॅकेटला बॅकअपच्या मागे उभे राहावे लागत नाही. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या मुक्त प्रणालीवर हे सारे एसक्यूएम या पॅकेजमधून करता येते.

प्रतिसाद २
वरील सल्ल्याशी सहमत आहे. दोन गोष्टी जोडतो. राउटरमधील हार्डवेअर ऑफलोड (पॅकेट प्रोसेसरला टाळून थेट पुढे पाठवण्याची सोय) बंद करा, अन्यथा पॅकेट शेपरला (वेगमर्यादा घालणाऱ्या भागाला) वळसा घालून जाऊ शकतात. मात्र त्यामुळे प्रोसेसरवर भार वाढतो, तेव्हा जुना राउटर डाउनलोडचे १०० एमबीपीएस पेलतो का हे तपासा. आवाजासाठी डीएससीपी ४६ ही पॅकेटवरची प्राधान्याची खूण वापरत असाल, तर त्या वर्गाला कमाल मर्यादा घाला. ही खूण आपल्या नेटवर्कच्या हद्दीपर्यंतच भरवशाची आहे, पुढे सेवादाता ती पुसूही शकतो.

धागाकर्ता
मनःपूर्वक आभार. मर्यादा १८ वर ठेवून केक लावला. आज बॅकअप चालू असताना पिंग ३० च्या आत राहिला आणि टेबलावरच्या फोनवर आवाज एकदाही तुटला नाही. वायफायवरचे दोन फोन मात्र अजून अडखळतात.

प्रतिसाद १
वायफायची रांग ॲक्सेस पॉइंटमध्ये असते, तिथपर्यंत हा शेपर पोहोचत नाही. ते दोन फोन आधी केबलवर घेऊन पाहा. तिथे आवाज स्वच्छ आला, तर ॲक्सेस पॉइंटमध्ये डब्ल्यूएमएम (वायफायवर आवाजाला प्राधान्य देणारी सोय) चालू आहे का ते बघा आणि कमी गर्दीचा चॅनेल निवडा.